आकाशवाटेवरचे खाचखळगे

प्रवासवर्णन लिहायचे म्हणजे आधी एखाद्या गावाचे नाव सांगावे लागते. तेथे कसे पोहोचावे, कोठे उतरावे, जेवणाची सोय कशी आहे आणि सूर्यास्त कोणत्या कड्यावरून पाहावा, एवढे सांगितले की लेखकाचे काम झाले. मी आज ज्या ठिकाणाबद्दल लिहिणार आहे तेथे जेवणाची सोय बरी आहे, सूर्यास्त तर असा दिसतो की महाबळेश्वरच्या बॉम्बे पॉइंटने हात जोडावेत. परंतु तेथे उतरता मात्र येत नाही. ते ठिकाण जमिनीपासून अकरा किलोमीटर उंचीवर आहे. त्याला वेस नाही, पाटी नाही, मैलाचा दगड नाही. आपल्यापैकी कितीतरी माणसे वर्षातून एकदा-दोनदा तेथून जातात; खिडकीची झडप खाली ओढतात, कानांत बोंडे घालून सिनेमा पाहतात आणि आपण कोठून गेलो याचा पत्ता न लागताच मुक्कामी पोहोचतात.

आपल्या आजोबांच्या पिढीला बोरघाट वळणावळणाने पाठ असे. कर्जतला गाडीला मागून इंजिन जोडले की बायका मुलांना खिडकीपासून आत घेत, आणि बोगदा आला की अनोळखी माणसेही एकमेकांना 'डोळे मिटा, कोळसा जाईल' असे बजावीत. वाट अवघड आहे हे सर्वांना ठाऊक होते, म्हणून वाटेवर सगळेच जरा सावध असत. आकाशातील वाटेलाही घाट आहेत. पण आत गालिचा, मऊ खुर्ची आणि मंद दिवे असल्यामुळे आपण घाटात आहोत हे कोणाच्या ध्यानात येत नाही. ते ध्यानात ठेवण्याचे काम आपण चार-सहा जणांवर सोपवले आहे, आणि ते चार-सहा जण नेमके उभे असतात.

या वाटेची खरी ओळख मला २०२५ च्या जूनमध्ये झाली. धाकटी बहीण सिंगापूरला असते, तिच्याकडे आईला पोहोचवायचे होते. आई सत्तरीची, विमानाचा तिचा हा पहिलाच प्रवास. तिला ढग पाहता यावेत म्हणून मुद्दाम दिवसाउजेडी सुटणारे विमान घेतले आणि तिला खिडकीशी बसवले. मुंबई मागे पडली, सह्याद्रीच्या हिरव्या घड्या खालून सरकल्या, मग दख्खनचे तांबूस पठार आले. मधूनच एखादा तलाव आरशासारखा लकाके. आई प्रत्येक तलावाला हे कोणते गाव म्हणून विचारी, आणि मी भूगोलाचा प्राध्यापक नसून मराठीचा आहे हे तिला दर वेळी नव्याने पटवून द्यावे लागे.

किनारा ओलांडून आम्ही बंगालच्या उपसागरावर आलो आणि देखावा पालटला. जूनमधला हा उपसागर म्हणजे पावसाचा कारखानाच. पाण्याच्या निळ्या पटावर ढगांचे मनोरे उभे होते. आमच्या खाली त्यांचे पाय होते आणि आमच्या वर त्यांचे माथे! उष्ण कटिबंधातले हे मेघ पंधरा-सोळा किलोमीटर उंचीपर्यंत चढतात. प्रवासी विमान अकरा-बारा किलोमीटरवरून जाते. म्हणजे हे डोंगर ओलांडता येत नाहीत, त्यांना वळसाच घालावा लागतो. "ढग एवढे उंच असतात?" आई म्हणाली, "खालून तर छपराएवढे वाटतात रे."

त्याच वेळी चहाची ट्रॉली येत होती. दोन मुली होत्या. एक पुढून ओढत होती, दुसरी मागून ढकलत होती. आमच्या दोन रांगा पुढे त्या पोहोचल्या असतील, तोच घंटी वाजली, पट्ट्याची खूण लागली, आणि कप्तानाने सेवा थांबवून जागेवर बसण्याची सूचना कर्मचाऱ्यांना दिली. विमान अजून फारसे हलतही नव्हते. पुढच्या मुलीने लगेच किटलीचे झाकण घट्ट लावले. तेव्हा तिथल्या एका गृहस्थांनी कप पुढे केला.

"सॉरी सर, आता गरम चहा देता येणार नाही. थोड्या वेळाने आणते."

"अहो, कुठे काय हलतंय? तिकिटाचे पैसे मोजलेत आम्ही."

ती हसून पुन्हा तेच म्हणाली. गृहस्थांनी पुन्हा पैशांची आठवण दिली. या संवादाला अर्धा मिनिट लागला असेल. तेवढ्या वेळात ट्रॉली मागच्या कप्प्यात जाऊन कुलुपबंद झाली असती आणि त्या दोघी आपापल्या खुर्चीत पट्टा लावून बसल्या असत्या.

मग पायाखालची जमीन कोणी काढून घ्यावी तसे झाले. पोटात खड्डा पडला, समोरचे पेले वर उडाले, कोणीतरी किंचाळले. आई, मी आणि पत्नी पट्ट्यांमुळे जागच्या जागी राहिलो. ती मुलगी मात्र उचलली गेली आणि पलीकडच्या खुर्चीच्या हातावर आदळली. ट्रॉलीची चाके अधांतरी झाली होती, ती खाली आली ती तिच्या पावलावर. मी आणि समोरच्या बाजूचे एक तरुण गृहस्थ, आम्ही दोघांनी तिचे दोन दंड धरले. ती वाटेतच खाली बसली आणि त्याही स्थितीत एका हाताने तिने ट्रॉलीचा दांडा सोडला नाही. तीन-चार हादरे आणखी बसले. आईने रामरक्षा सुरू केली होती, ती अर्ध्यावरही आली नसेल, तोच सगळे शांत झाले.

थोड्या वेळाने ती लंगडत आली, ती आईकडेच.

"आजी, ठीक आहात ना? पट्टा काढू नका हं अजून."

"तू कुठली गं?"

"नाशिकची, आजी."

"तुला लागलंय, आणि माझी कसली चौकशी करतेस! बैस बघू आधी."

तिच्या घोट्याला बांधलेला बर्फ मला दिसत होता. भीती वाटत नाही का, असे मी विचारले. "वाटते ना सर," ती म्हणाली, "पण विमान हललं की सगळे आधी आमच्या तोंडाकडे बघतात." सिंगापूरला उतरलो तेव्हा विमान पुरते थांबण्यापूर्वीच पट्टे सुटल्याचे आवाज सुरू झाले होते. दारात हात जोडून निरोप द्यायला ती नव्हती. तिच्यासाठी चाकांची खुर्ची मागवली होती.

अशा हादऱ्याला आपल्याकडे 'एअर पॉकेट लागले' म्हणतात, किंवा सरळ 'खड्डा आला' म्हणतात. खरे पाहता हवेत खिसेही नसतात आणि खड्डेही नसतात. हवा ही नदीसारखी वाहती वस्तू आहे. कृष्णेच्या किंवा गोदेच्या पात्रात खडकामागे पाणी कसे गिरक्या घेते, दोन प्रवाह एकमेकांना घासून गेले की कशी खळबळ होते, हे आपण घाटावर उभे राहून पाहिलेले असते. हवेचे तसेच, फरक एवढाच की ती दिसत नाही.

ही खळबळ मुख्यतः तीन कारणांनी होते. पहिले कारण ऊन. तापलेली जमीन आणि उबदार समुद्र यांवरची दमट हवा झोताने वर चढते, तिचे गडगडाटी मेघ होतात. मेघाच्या पोटात वर जाणारा झोत आणि खाली येणारा झोत शेजारी शेजारी असतात, आणि मेघाच्या आसपासची मोकळी दिसणारी हवाही ढवळलेली असते. दुसरे कारण डोंगर. जोराचा वारा डोंगरावरून उतरताना पलीकडे लाटा उठवतो. ५ मार्च १९६६ रोजी ब्रिटिश कंपनीचे एक बोइंग ७०७ विमान टोकियोहून हाँगकाँगला निघाले आणि लख्ख उन्हात फुजी पर्वताजवळ अशाच लाटेत सापडून मोडले. आतील सर्व १२४ माणसे गेली. तिसरे कारण म्हणजे फार उंचावरचे वेगवान वारे, ज्यांना शास्त्रज्ञ जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात उत्तर भारतावरून असा एक प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे ताशी दोनशे किलोमीटरांहूनही अधिक वेगाने धावतो. त्याच्या काठाशी संथ हवा आणि वेगवान हवा एकमेकींना घासतात, आणि एकही ढग नसताना विमान हादरते.

वैमानिकाला हे आधी दिसत कसे नाही, असा प्रश्न आईनेही विचारला होता. विमानाच्या नाकात रडार असते. ते पाण्याच्या थेंबांवरून परतणाऱ्या लहरी टिपते. भरलेला मेघ त्याला चांगला दिसतो, मेघाच्या माथ्यावरचे कोरडे हिमकण फार पुसट दिसतात, आणि निव्वळ स्वच्छ हवा मुळीच दिसत नाही. तेथे मदत होते ती हवामानाच्या अंदाजाची आणि पुढे गेलेल्या विमानाने मागच्याला दिलेल्या इशाऱ्याची. घाटात समोरून येणारा ट्रकवाला दिवे मिचकावून 'पुढे दरड आहे' असे सांगतो, त्यातलाच हा प्रकार.

फुजीच्या अपघातानंतर विमानविद्या पुष्कळ पुढे गेली आहे. नव्या जातीच्या विमानाला परवाना मिळण्यापूर्वी सेवेत येऊ शकेल अशा सर्वांत मोठ्या भाराच्या दीडपट भार त्याच्या पंखांनी पेलून दाखवावा लागतो. त्यामुळे हादऱ्याने विमान मोडण्याचे भय आज अगदीच थोडे उरले आहे. मोडते ते आतले माणूस.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २१ मे २०२४ चे आहे. सिंगापूर एअरलाइन्सचे लंडनहून सिंगापूरला निघालेले बोइंग ७७७ विमान दहा तासांहून अधिक प्रवास करून म्यानमारमध्ये इरावती नदीच्या खोऱ्यावर आले होते. उंची ३७,००० फूट, आत २११ प्रवासी आणि १८ कर्मचारी. विमान प्रथम किंचित थरथरले आणि आपोआप वर उचलले जाऊ लागले. वैमानिकाने पट्ट्याची खूण लावली. त्यानंतर अवघ्या आठ सेकंदांनी तडाखा बसला. सिंगापूरच्या तपास यंत्रणेने नंतर विमानातील नोंदयंत्रावरून जे आकडे प्रसिद्ध केले ते वाचण्यासारखे आहेत. पृथ्वीच्या ओढीच्या मापाने अधिक १.३५ वरून उणे १.५ पर्यंत फरक पडला तो ०.६ सेकंदात, म्हणजे पापणी लवण्याच्या सुमारास. आणि पुढच्या चार सेकंदांत तो उलटून अधिक १.५ वर गेला.

उणे १.५ म्हणजे काय? त्या क्षणी छत हीच जमीन होते, आणि पट्टा न लावलेला माणूस आपल्या दीडपट वजनाने तिच्यावर 'पडतो'. लगेच सगळे पालटते आणि तोच माणूस खाली आपटतो. पट्टे न लावलेल्या माणसांचे त्या दिवशी हेच झाले. अनेकांच्या डोक्याला, मणक्याला दुखापती झाल्या. त्र्याहत्तर वर्षांचे एक ब्रिटिश प्रवासी दगावले. त्यांना हृदयविकाराचा झटका आला असावा, असे सांगण्यात आले. विमान बँकॉककडे वळवून सुखरूप उतरवण्यात आले.

दुसऱ्या दिवशी जगभर बातमी झाली ती विमान सहा हजार फूट कोसळल्याची. वस्तुस्थिती वेगळी होती. सहा हजार फूट उतरण्याचे काम वैमानिकांनी नंतर बेताबेताने केले. त्या भयंकर क्षणांत विमान खाली आले ते फक्त १७८ फूट. सतरा-अठरा मजली इमारतीएवढे! आपल्या मुंबईत असल्या इमारती गल्लोगल्ली उभ्या आहेत, आणि आपण लिफ्टने त्यांतून रोज खाली येतो. माणसे जखमी झाली ती खोलीमुळे नव्हेत, वेगातल्या त्या आकस्मिक बदलामुळे. आणि त्यांना सावध व्हायला मिळाली ती आठ सेकंदे. हातातला डबा खाली ठेवून पट्ट्याची दोन टोके शोधायला तेवढी पुरतात की नाही, हे घरी घड्याळ लावून पाहावे.

हे परदेशातच घडते असेही नाही. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला गेलेले विमान खाली उतरत असताना असेच झोडपले गेले. तेव्हा बंगालमध्ये काळबैसाखीच्या वादळांचा हंगाम असतो. विमान वाहतूक महासंचालनालयाने दिलेल्या माहितीप्रमाणे भार अधिक २.६४ पासून उणे १.३६ पर्यंत हेलकावला. चौदा प्रवासी आणि तीन कर्मचारी जखमी झाले. पट्ट्याची खूण तेव्हा लागलेली होती.

आता जखमी कोण होते याचा हिशेब पाहू. अमेरिकेच्या सरकारी नोंदीप्रमाणे २००९ ते २०२२ या चौदा वर्षांत तेथील विमान कंपन्यांच्या प्रवासात हादऱ्यांमुळे १६३ माणसे गंभीर जखमी झाली. त्यांत प्रवासी ३४ आणि कर्मचारी १२९. एका विमानात शेकडो प्रवासी आणि कर्मचारी मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ उमगतो. कारण अवघड नाही. खूण लागली की आपण बसून पट्टा लावतो, आपले काम संपते. त्यांचे सुरू होते. ट्रॉली आवरायची, ती भरलेली असली तर शंभराएक किलोची असते. ती कुलुपबंद करायची, उकळत्या पाण्याची भांडी बंद करायची, झोपलेल्यांचे पट्टे पाहायचे, प्रसाधनगृहातल्या माणसाला बाहेर बोलवायचे. सर्वांत शेवटी स्वतः बसायचे. आठ सेकंदांच्या हिशेबात त्यांची पाळी येतच नाही.

या मंडळींना आपण 'हवाई सुंदरी' म्हणत आलो. मराठीचा प्राध्यापक म्हणून मला या शब्दाची फार दिवसांपासून अढी आहे. वैमानिकाला आपण 'हवाई राजबिंडा' म्हणत नाही. १५ मे १९३० रोजी अमेरिकेत बोइंग एअर ट्रान्सपोर्ट कंपनीच्या विमानात पहिली विमानसेविका चढली, तिचे नाव एलन चर्च. ती शिकलेली परिचारिका होती, आणि विमानात परिचारिका असाव्यात ही कल्पना तिचीच. आजही या कामाचा पाया तोच आहे. साधारण पन्नास जागांमागे एक कर्मचारी असलाच पाहिजे असा जो नियम आहे तो चहासाठी नाही. भरलेले विमान निम्म्या दारांनी नव्वद सेकंदांत रिकामे करता आले पाहिजे, ही विमानाला परवाना देतानाची अट आहे, आणि ते रिकामे करवण्यासाठी ही माणसे असतात. मुंबईत वाढलेली नीरजा भनोत ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीच्या विमानतळावर प्रवाशांना वाचवताना गेली. तिला मिळालेले अशोकचक्र चहा देण्याबद्दल नव्हते.

मग म्हणावे काय? 'परिचारिका' हाच शब्द मला येथेही योग्य वाटतो. 'परि' म्हणजे सभोवार आणि 'चर्' म्हणजे फिरणे; सभोवार फिरून जी काळजी वाहते ती परिचारिका. या वाटेवरचा सारा धोका त्या धातूतच सामावला आहे. बसलेले सुरक्षित असतात, फिरणारी नसते.

आणि ही वाट सुधारण्याऐवजी अधिक खडबडीत होत चालली आहे. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की उत्तर अटलांटिक महासागरावरील एखाद्या सर्वसाधारण ठिकाणी स्वच्छ हवेतील तीव्र हादऱ्यांचा काळ १९७९ साली वर्षाला १७.७ तास होता, तो २०२० साली २७.४ तासांवर गेला. पृथ्वी तापत आहे, तिच्याबरोबर वरच्या वाऱ्यांतील वेगाची तफावतही वाढत आहे. आपल्या धुराचे उसने आकाशाने ठेवून घेतलेले नाही.

कंपन्या काही शिकल्या नाहीत असे नव्हे. इरावतीवरच्या त्या घटनेनंतर काही दिवसांतच सिंगापूर एअरलाइन्सने पट्ट्याची खूण लागली असताना केवळ गरम पेयेच नव्हे तर जेवणही न वाढण्याचा आणि कर्मचाऱ्यांनी जागेवर बसून पट्टा लावण्याचा नियम केला. असे नियम सर्वत्र झाले पाहिजेत. परंतु नियम पाळणारी मुलगी समोर उभी असताना तिला तिकिटाचे पैसे ऐकवणारा प्रवासी कोणत्याही नियमाने गप्प बसत नाही. तो आपल्याच घरातला कोणी असेल तर त्याला आपणच गप्प बसवायला हवे.

या दिवाळीत चकल्या-अनारशांचे डबे घेऊन पुष्कळ आजी-आजोबा मुला-नातवंडांकडे विमानाने निघतील, पुष्कळ मुले सुट्टीला घरी येतील. त्यांना भीती घालण्याचा माझा हेतू नाही. विमानाचा प्रवास आजही अत्यंत सुरक्षित प्रवासांपैकी एक आहे. सांगायचे ते चार ओळींत मावते. खूण विझली तरी बसल्या जागी पट्टा सोडू नये. तो पोटावर नव्हे, खाली ओटीपोटाशी घट्ट असावा. खूण लागलेली असताना चहा-पाणी मागू नये, आणि कोणी नाही म्हणाले तर वाद घालू नये. डुलकी काढायची असेल तर पट्टा पांघरुणाच्या वरून लावावा. म्हणजे तो लागला आहे की नाही हे पाहायला कोणा परिचारिकेला आपल्यावर ओणवे व्हावे लागणार नाही, आणि स्वतःच्या जागी जाऊन बसायला तिला तेवढाच वेळ मिळेल.